आधी ओळख, मग घटना : तेढीच्या बातम्या आणि समाजमाध्यमांवरील घाईच्या प्रतिक्रियांचा आढावा

कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचे मलकापूर हे शाहूवाडी तालुक्यातले बाजारपेठेचे गाव. विशाळगडाकडे जाणाऱ्यांना हा परिसर ओळखीचा असतो. १४ जुलै २०२४ रोजी गडावरची अतिक्रमणे हटवावीत या मागणीसाठी माजी खासदार संभाजीराजे छत्रपती यांनी हाक दिली आणि मोठा जमाव गडाच्या दिशेने निघाला. वाटेतल्या गजापुरात मुसलमानवाडीतल्या घरांची, वाहनांची आणि मशिदीची मोडतोड झाली. वाद होता गडावरच्या बांधकामांचा, मार बसला गडाखालच्या वस्तीला. पाच दिवसांनी, १९ जुलै रोजी, ऐन पावसाळ्यात सुरू केलेल्या पाडकामाबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला जाब विचारला आणि कारवाई थांबवली. न्यायालयातही १४ जुलैच्या चित्रफितींचा उल्लेख झाला. या चित्रफिती तोवर राज्यभरच्या मोबाइलवर फिरून झाल्या होत्या, आणि त्यांच्याखाली दोन्ही बाजूंचे निवाडेही लिहून झाले होते.

धर्म, जात, भाषा, प्रांत किंवा वंश यांच्याशी जोडलेली बातमी आली की तिच्यावर समाजमाध्यमांत उमटणारी पहिली प्रतिक्रिया बहुधा घटनेबद्दल नसते. ‘काय घडले’ हे कळण्याआधी ‘कोणत्या समाजाने केले’ हे विचारले जाते, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबण्याची कुणाची तयारी नसते. या सवयीवर गेली दहा-बारा वर्षे न्यायालये, पोलीस, समाजशास्त्रज्ञ, संगणकतज्ज्ञ आणि कार्यकर्ते आपापल्या अंगाने बोलत आले आहेत. ही चर्चा आज कुठवर आली आहे, कोणत्या मुद्द्यांवर एकमत आहे आणि काय अजून सुटलेले नाही, याचा हा आढावा. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातली घेतली आहेत. जिथे उपयोग होतो तिथे बाहेरचीही.

पार्श्वभूमी : मोबाइलच्या आधी

अशी घाई मोबाइलने जन्माला घातलेली नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली, तेव्हा मारेकरी हिंदू आहे हे सरकारने तातडीने जाहीर केले. मारेकरी मुसलमान असल्याची अफवा पसरून देशभर रक्तपात होऊ नये, हा त्यामागचा हेतू होता आणि तो बऱ्याच अंशी साधला. पण पुढे मारेकऱ्याचे नाव आणि जात कळली. त्यानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांची घरे-दुकाने जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही आगीत सापडला. एकाच बातमीतल्या ओळखीच्या एका तपशिलाने एक आग रोखली, दुसऱ्याने दुसरी लावली. आजच्या वादातला एक मोठा पेच तेव्हाच समोर आला होता.

कायदाही जुनाच. समाजासमाजांत तेढ वाढवण्याबद्दलचे १५३-अ हे कलम १८९८ मध्ये भारतीय दंड संहितेत आले. धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्याबद्दलचे २९५-अ हे कलम १९२७ मध्ये. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्यांची जागा अनुक्रमे १९६ आणि २९९ या कलमांनी घेतली. १५३-अ मध्ये धर्म, वंश, जन्मस्थान, निवास, भाषा, जात हे सगळे एकाच यादीत आहे. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये जो प्रश्न मुख्यतः वर्णाभोवती फिरतो, तो आपल्याकडे या यादीतल्या कोणत्याही शब्दाभोवती पेटू शकतो.

वृत्तपत्रांनी यावर पूर्वी एक संकेत पाळला होता. दंगलीच्या बातमीत समाजाचे नाव न घेता ‘दोन गटांत हाणामारी’ एवढेच छापायचे. वाचक दोन ओळींमधले वाचत असत, पण छपाईपूर्वी निदान एक संपादक असायचा. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने अफवा आणि वृत्तपत्रीय लिखाण यांचीही दखल घेतली होती. मोबाइल आल्यावर तो मधला संपादक गेला.

बदलाचे वर्ष म्हणून २०१२ कडे पाहावे लागते. आसाममधील हिंसाचार आणि म्यानमारमधील रोहिंग्यांवरचे अत्याचार यांच्या नावाखाली भलतीच छायाचित्रे फिरू लागली. त्यात २०१० च्या तिबेटी भागातल्या भूकंपानंतर मृतदेहांजवळ उभ्या असलेल्या भिक्खूंचे छायाचित्र ‘कत्तल’ म्हणून खपवले गेले. ११ ऑगस्ट रोजी मुंबईच्या आझाद मैदानावरील निषेधसभेला हिंसक वळण लागले आणि दोघांचा जीव गेला. त्याच दिवसांत ईशान्य भारतातल्या लोकांवर हल्ले होणार अशा संदेशांमुळे पुणे, बंगळूरु, चेन्नई, हैदराबाद इथून हजारो तरुण-तरुणी गाड्या भरून गावी परतू लागले. केंद्र सरकारने एकगठ्ठा एसएमएसवर दिवसाला पाचची मर्यादा घातली. पाचाचा हा आकडा पुढेही येणार होता.

एक प्रश्न नव्हे, तीन

चर्चेत या सगळ्या घटनांना सरसकट ‘फेक न्यूज’ म्हटले जाते. महाराष्ट्रातल्या घटना शेजारी ठेवून पाहिल्या तर तीन वेगवेगळे प्रकार दिसतात, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिला प्रकार मुळातच खोट्या बातमीचा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारण्यात आले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक कराचीत तयार झालेली जनजागृतीची फीत होती; शेवटचा संदेश कापून ती खऱ्या अपहरणाची म्हणून पाठवली जात होती. अफवा खोटी होती, पण ती नेमकी कुणावर चिकटली हे महत्त्वाचे आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी अनोळखी भटक्याकडे पाहण्याची नजर गेली नाही. मार्च २०२५ मध्ये नागपुरात औरंगजेबाच्या कबरीविरोधातल्या आंदोलनात धार्मिक मजकुराची चादर जाळल्याची अफवा पसरली आणि दंगल उसळली, तीही याच प्रकारात मोडते.

दुसरा प्रकार म्हणजे घटना खरी, ओळख चुकीची. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांची जमावाने हत्या केली. टाळेबंदीत चोर आणि मुले पळवणारे यांच्या अफवा त्या भागात फिरत होत्या. हत्येची चित्रफीत बाहेर येताच तिला धार्मिक रंग दिला गेला. अखेर तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक केलेल्या १०१ जणांची यादीच जाहीर केली आणि त्यात एकही मुसलमान नाही हे सांगितले. ब्रिटनमध्ये २९ जुलै २०२४ रोजी साउथपोर्ट इथे नृत्यवर्गातल्या तीन मुलींची हत्या झाली. हल्लेखोर नुकताच बोटीतून आलेला मुसलमान निर्वासित आहे, असे सांगणारे एक बनावट नाव काही तासांत पसरले. तो प्रत्यक्षात कार्डिफमध्ये जन्मलेला होता. तरीही मशिदींवर आणि निर्वासितांच्या हॉटेलांवर हल्ले झाले.

तिसऱ्या प्रकाराकडे अभ्यासकांचे लक्ष सर्वांत कमी गेले आहे. इथे बातमी खरी असते, पोस्टही खरी असते. प्रतिक्रिया मात्र ज्याने पोस्ट टाकली त्याच्यापुरती राहत नाही. ६ जून २०२३ रोजी, शिवराज्याभिषेक दिनी, कोल्हापुरात काहींनी औरंगजेब आणि टिपू सुलतान यांच्याशी जोडलेली आक्षेपार्ह स्टेटस ठेवली. त्यात अल्पवयीन मुलेही होती. दुसऱ्या दिवशी बंदची हाक दिली गेली, छत्रपती शिवाजी महाराज चौकात जमाव जमला. दगडफेक झाली, लाठीमार आणि अश्रुधुराचा वापर झाला, जिल्ह्यातले इंटरनेट बंद करावे लागले. स्टेटस ठेवणारे मोजके होते. दगड ज्यांच्या दुकानांवर आणि घरांवर पडले त्यांचा त्या स्टेटसशी संबंध नव्हता. २ जून २०१४ रोजी पुण्याच्या हडपसर भागात छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांच्या विकृत छायाचित्रांवरून खवळलेल्या टोळक्याने एका तरुण संगणक अभियंत्याला मारून टाकले. त्या पोस्टशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. २०२३ मध्ये पुराव्याअभावी सर्व आरोपी सुटले. अकोला (मे २०२३) आणि सातारा जिल्ह्यातले पुसेसावळी (सप्टेंबर २०२३) इथेही ठिणगी समाजमाध्यमावरच्या पोस्टची होती आणि दोन्हीकडे एकेकाचा बळी गेला.

भाषिक तेढीतही असेच घडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ कर्नाटक परिवहनच्या बसवाहकाला मारहाण झाली. मराठी येत नाही म्हणून मारले, असे एक बाजू सांगत होती. वाहकाने मुलीशी गैरवर्तन केले, असे दुसरी. कन्नड मोबाइलवर एक घटना, मराठी मोबाइलवर दुसरी. दोन्ही राज्यांत बसगाड्यांना काळे फासले गेले, आणि कोल्हापूर-बेळगाव रोज ये-जा करणारा प्रवासी, ज्याचे कुणाशी भांडण नव्हते, तो स्टँडवर अडकला.

घाई का होते : संशोधन काय सांगते

खोटी बातमी खरीपेक्षा वेगाने धावते, हे आता चांगलेच प्रस्थापित आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या अभ्यासकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या तपासल्या. २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या पाहणीनुसार खोट्या बातमीला पुढे पाठवले जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी जास्त होती, आणि १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला तिच्या सहापट वेळ लागत होता. हे काम यंत्रांनी नव्हे, माणसांनीच केले होते. त्याआधी २०१७ मध्ये विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की राजकीय वादांवरच्या संदेशात नैतिक-भावनिक स्वरूपाचा एकेक शब्द वाढला की त्याचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढतो.

कंपन्यांच्या रचनेचाही यात हात आहे. फेसबुकच्या यंत्रणेने २०१७ पासून काही काळ ‘राग’ या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिले होते, हे २०२१ मध्ये उघड झालेल्या अंतर्गत कागदपत्रांतून समोर आले. आपण रागावलो की आपली पोस्ट अधिक दिसते, अधिक दिसली की आणखी लोक रागावतात.

भारतातल्या अभ्यासांनी या चित्रात दोन महत्त्वाच्या दुरुस्त्या केल्या. शकुंतला बनाजी आणि राम भट यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशात क्षेत्रकार्य केले. २०१९ च्या त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष असा की, खेड्यातला अडाणी माणूस फसतो म्हणून अफवा पसरते हा समज खोटा आहे. पुढे पाठवणाऱ्यांत शिकलेले, शहरी, तंत्राची उत्तम जाण असलेले लोक भरपूर असतात. अफवा त्यांच्या आधीच्या पूर्वग्रहात चपखल बसते म्हणून ते ती पाठवतात. दुसरी दुरुस्ती २०२१ मधली. भारतीय राजकीय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांतल्या संदेशांचा अभ्यास करणाऱ्या संगणकतज्ज्ञांना दिसले की शिवीगाळीपेक्षा ‘ते आपल्यावर चाल करून येणार आहेत’ अशी भीती घालणारा मजकूर फार प्रभावी असतो. त्यात एकही अपशब्द नसतो, त्यामुळे यंत्राने केलेल्या चाळणीतून तो सहज निसटतो.

चार भूमिका

पहिली भूमिका कायद्याच्या बाजूने उभी राहते. दंगल झाल्यावर आयोग नेमण्यापेक्षा पोस्ट पडताच गुन्हा नोंदवावा, असे ही बाजू म्हणते. २८ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना द्वेषपूर्ण वक्तव्यांबद्दल तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून गुन्हे दाखल करण्याचा आदेश दिला. विधी आयोगाने २०१७ च्या २६७ व्या अहवालात यासाठी स्वतंत्र कलमे सुचवली होती. जमावहत्येबद्दल न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी, राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, सविस्तर सूचना दिल्या. न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये वंश, जात, भाषा इत्यादी कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी केलेल्या हत्येला आता स्वतंत्र तरतूद आहे. ठाण्यातल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर या भूमिकेत तथ्य आहे: जमाव रस्त्यावर उतरल्यावर त्याच्या हाती फारसे काही उरत नाही.

दुसरी भूमिका अभिव्यक्तिस्वातंत्र्याची. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर प्रश्न विचारणाऱ्या पालघरच्या एका तरुणीला आणि ती पोस्ट लाइक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्या प्रकरणातून सुरू झालेली लढाई २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६-अ कलम रद्द होण्यात संपली. कोल्हापूर जिल्ह्याशी तर या वादाचा थेट संबंध आहे. इथल्या एका महाविद्यालयातील प्राध्यापकाने कलम ३७० रद्द केल्याचा निषेध करणारे आणि पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणारे व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस ठेवले म्हणून हातकणंगले पोलीस ठाण्यात १५३-अ खाली गुन्हा नोंदला गेला. उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला; सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२४ रोजी रद्द केला. शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, कणखर माणसाच्या मापाने, प्रत्येक वाक्यात धोका पाहणाऱ्या कमकुवत मनाच्या मापाने नव्हे, हे तत्त्व न्यायालयाने पुन्हा सांगितले. हे तत्त्व १९४० च्या दशकात नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी मांडले होते. मार्च २०२५ मध्ये एका कवितेवरून नोंदवलेला गुन्हा रद्द करताना न्यायालयाने आणखी एक सांगितले: तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या अशा प्रकरणांत पोलिसांनी आधी प्राथमिक चौकशीचा मार्ग वापरावा.

एकीकडे ‘स्वतःहून गुन्हा नोंदवा’, दुसरीकडे ‘आधी चौकशी करा’. कायद्याच्या जाणकारांना यात विसंगती दिसत नाही, कारण एक आदेश द्वेषाबद्दल आहे, दुसरा मतभेदाबद्दल. पण चौकात घोषणा सुरू असताना समोरची पोस्ट यांपैकी कशात मोडते हे ठरवायला ठाणेदाराजवळ फार वेळ नसतो.

तिसरी भूमिका म्हणते की माणसे बदलण्यापेक्षा यंत्रणा बदला. जुलै २०१८ मध्ये, देशभरातल्या जमावहत्यांनंतर, व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणली आणि नंतर ती जगभर लागू केली. एप्रिल २०२० मध्ये फार वेळा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. त्यानंतर असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. हा आकडा कंपनीचा स्वतःचा आहे, बाहेरून तपासलेला नव्हे. २०२१ च्या नियमांनी संदेशाचा पहिला उगम शोधून देण्याची सक्ती केली, तेव्हा त्याने कूटबद्धता मोडेल असे म्हणत कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली.

चौथी भूमिका समाजाच्या अभ्यासकांची. पॉल ब्रास यांच्या मते दंगल आपोआप भडकत नाही. ती घडवणारी माणसे आणि यंत्रणा आधीपासून तयार असतात, अफवा हे त्यांच्या हातातले साधन. आशुतोष वार्ष्णेय यांनी उलट बाजूने पाहिले: ज्या शहरांत व्यापार, संघटना, क्लब यांतून दोन समाजांचे रोजचे संबंध बांधलेले असतात तिथे अफवा टिकत नाही. त्यांच्या पुस्तकात भिवंडीचे उदाहरण येते. १९७० आणि १९८४ मध्ये होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या; १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. या भूमिकेनुसार मोबाइल केवळ वारा आहे, वाळलेले गवत आधीपासून पडलेले असते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग उभारण्यास हात दिला त्या कोल्हापुरात २०२३ ची घटना घडावी, याचा अर्थ लावताना दोन्ही अभ्यासकांची मते उपयोगी पडतात. सलोख्याची परंपरा असणे आणि रोजचे संबंध जिवंत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उपायांचा हिशेब

इंटरनेट बंद करणे हा प्रशासनाचा हातचा उपाय. ऑक्टोबर २०१६ मध्ये तळेगाव अंजनेरीतल्या घटनेवरून उसळलेल्या हिंसाचारानंतर नाशिक जिल्ह्यात तो वापरला गेला, २०२३ मध्ये कोल्हापुरात. अफवेचा वेग त्याने कमी होतो हे पोलीस अनुभवाने सांगतात. टीकाकार म्हणतात की खंडनही त्याच वाटेने जाते, आणि मोबाइल बंद असला की कानोकानी अफवा मोकाट सुटते. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश जाहीर करणे बंधनकारक केले.

ग्रुपच्या अ‍ॅडमिनवर गुन्हा नोंदवण्याचा इशारा हा दुसरा रूढ उपाय. सणासुदीला ठाण्याच्या शांतता समितीच्या बैठकीत तो हमखास दिला जातो. पण मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट केले की समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय सदस्याच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिन जबाबदार धरता येणार नाही.

माध्यमसाक्षरतेचे निष्कर्ष बोलके आहेत. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये तासाभराच्या प्रशिक्षणाचा प्रयोग केला. एकूण परिणाम जवळजवळ शून्य आला. काही कट्टर समर्थकांत तर आपल्या बाजूची खोटी बातमी ओळखण्याची क्षमता घटली. नंतर बिहारमध्येच किशोरवयीन मुलामुलींचे अनेक आठवडे वर्ग घेतले गेले, तेव्हा चित्र बदलले आणि परिणाम टिकलाही. एक व्याख्यान, एक पत्रक, एक ‘जागरूकता सप्ताह’ यांनी फारसे काही होत नाही. शाळेच्या वेळापत्रकात जागा मिळाली तर होते, एवढे यावरून म्हणता येते.

वर सांगितलेल्या तीन प्रकारांना हे उपाय लावून पाहिले की उणीव दिसते. सत्यशोधन आणि फॉरवर्डची मर्यादा पहिल्या प्रकाराला लागू पडते. अधिकृत माहिती लवकर देणे दुसऱ्याला. तिसऱ्या प्रकारात पोस्ट खरी असते, तिचा कर्ता सापडलेला असतो, कधी त्याला अटकही झालेली असते. तरी दगड उचलला जातो. एकाच्या कृत्याचे उत्तर त्याच्या सगळ्या समाजाने द्यावे, या समजुतीवर कोणताही तांत्रिक उपाय नाही. संशोधनाचा बहुतेक भर मात्र खोट्या माहितीवरच राहिला आहे.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न ओळख जाहीर करण्याचा. १९४८ मध्ये ती जाहीर करून एक संकट टळले आणि दुसरे आले. २०२० मध्ये १०१ नावांच्या यादीने अफवा थोपवायला मदत केली, पण ‘आरोपी कोणत्या धर्माचा’ हा प्रश्नच रास्त आहे असाही संदेश गेला. ब्रिटनच्या पोलिसांनी ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या मार्गदर्शनाद्वारे गंभीर प्रकरणांत संशयिताचे वांशिक मूळ आणि राष्ट्रीयत्व जाहीर करण्याकडे कल दाखवला. लपवले तर अफवेला जागा मिळते, सांगितले तर त्या समाजाला धोका. यावर दोन्हीकडे जबाबदार माणसे आहेत.

दुसरा प्रश्न मराठीचा. कंपन्यांची मजकूर तपासणी इंग्रजीत जेवढी मुरली आहे तेवढी मराठीत नाही. पुण्याच्या एल३क्यूब गटाने २०२२ मध्ये २५ हजारांहून अधिक मराठी ट्विटांचा ‘महाहेट’ हा संच अभ्यासासाठी खुला केला, ही मोलाची सुरुवात. पण आपल्याकडची तेढ टोमण्यातून, आडनावातून, इतिहासातल्या एखाद्या नावातून, रीलमागे लावलेल्या गाण्यातून व्यक्त होते. ते अजून यंत्राच्या आवाक्याबाहेर आहे.

तिसरा प्रश्न अल्पवयीनांचा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने ठेवलेले स्टेटस चोवीस तासांत आपोआप पुसले जाते. त्याचा स्क्रीनशॉट जात नाही. अशा मुलाला गुन्हेगार समजायचे की विद्यार्थी, यावर पोलीस, शाळा आणि बाल न्याय मंडळ यांची दृष्टी एक नाही.

चौथा प्रश्न पुढाऱ्यांच्या जबाबदारीचा. चर्चा बहुतेक वेळा सामान्य वापरकर्त्याच्या अविचाराभोवती फिरते. पण घटना कळण्याआधी बोलणाऱ्यांत मोठ्या पदांवरचे लोकही असतात आणि त्यांच्या एका वाक्याला हजारो फॉरवर्डांचे बळ मिळते. त्यांच्यावर कोणता नियम लागू करायचा, यावर सर्वच पक्ष सोयीने बोलतात आणि सोयीने गप्प बसतात.

पुढची दिशा

सगळ्या भूमिकांना मान्य होईल अशी एक गोष्ट या आढाव्यातून हाती येते. निर्णायक असतात ते घटना घडल्यापासून खात्रीची माहिती मिळेपर्यंतचे तास. त्या तासांत काय घडले याची नोंद मात्र आपल्याकडे नीट ठेवली जात नाही. साउथपोर्टनंतर ब्रिटनच्या संसदीय समितीने समाजमाध्यमांच्या भूमिकेवर स्वतंत्र चौकशी करून जुलै २०२५ मध्ये अहवाल दिला. महाराष्ट्राला श्रीकृष्ण आयोगाचा वारसा आहे. पण तो अहवाल १९९८ मध्ये, म्हणजे घटनेनंतर पाच वर्षांनी आला. पहिली पोस्ट केव्हा पडली, पोलिसांना केव्हा कळली, अधिकृत खुलासा किती वाजता झाला, तोपर्यंत कोणता दावा किती ठिकाणी पोहोचला, असा कालक्रम प्रत्येक मोठ्या घटनेनंतर तीन महिन्यांत जिल्हा प्रशासनाने जाहीर केला, तर कायदा कडक हवा की यंत्रणा बदलायला हवी या वादाला पुराव्याचा आधार मिळेल. गजापूर, कोल्हापूर, पुसेसावळी या एकाच टापूतल्या, अवघ्या सव्वा वर्षातल्या तीन घटनांचे असे कालक्रम शेजारी ठेवून पाहिले, तर कोणता उपाय कुठे कमी पडला हे अंदाजाने सांगावे लागणार नाही.